बाईंसाठी पुरीमचा पुडा: तुपातल्या पुरणपोळ्या चालतील का?

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका आईचा आहे, थोडक्यात देते. मुलगा साडेचार वर्षांचा, घराजवळच्या ज्यू बालवाडीत जातो. घर मराठी, हिंदू, पूर्ण शाकाहारी. शाळेतून पुरीम सणाची चिठ्ठी आली आहे आणि तीत ‘मिश्लोआह मानोत’ म्हणजे खाऊचे पुडे देण्याघेण्याबद्दल लिहिलं आहे. टीचरना घरच्या तुपातल्या पुरणपोळ्या द्याव्यात असं तिच्या मनात आहे. त्या चालतील का? आपण ज्यू नसताना असं काही देणं आगाऊपणाचं दिसेल का? कुणाकुणाला आणि किती द्यायचं? वर्षातल्या बाकीच्या सणांना काय करायचं?

आधी सरळ उत्तर. पुरणपोळ्या घरी करून डब्यातून पाठवू नका. तुमच्या हातची पुरणपोळी त्या बाईंच्या तोंडी लागावी असं वाटत असेल तर त्याला वाट आहे. ती मी बऱ्याच आयांना दाखवली आहे, पुढे सांगते.

मी कोण ते सांगते, म्हणजे हे ऐकीव नाही हे कळेल. मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली. तिथलं शाअर हशामाइम सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८७९ सालचं, आमची जुनी माणसं त्याला ‘मशीद’च म्हणायची. त्याच्याच आवारात खेळून मोठी झाले. लग्नानंतर इस्राएलला गेले, लोदमध्ये बालवाडीत मदतनीस होते, आणि नंतर अमेरिकेत ज्यू बालवाड्यांमध्ये १९ वर्षं शिकवलं. पुरीमचे पुडे मी दिलेत, पण त्याहून कितीतरी जास्त घेतलेत. एका वर्षी मोजले तर ३१ भरले होते. त्यातले किती खाता आले आणि किती तसेच दुसऱ्याला गेले, हे देणाऱ्या आयांना कधी कळलं नसेल. तेच आज सांगणार आहे.

पुरीम म्हणजे हिब्रू बायबलमधल्या एस्तेरच्या ग्रंथातली गोष्ट. शूशन नगरीत हामान नावाच्या प्रधानाने सगळ्या यहुद्यांना मारायचा बेत केला, राणी एस्तेर आणि तिचा नातलग मर्दखय यांनी तो उलटवला. त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात, बाविसाव्या ओवीत सांगितलंय की हे दिवस मेजवानीचे करावेत, एकमेकांना खाद्यपदार्थ धाडावेत आणि गरिबांना दान द्यावं. त्यावरून नियम पडला: पुरीमच्या दिवशी, सूर्य वर असताना, निदान एका माणसाला निदान दोन खायला तयार पदार्थ पाठवायचे. कच्ची डाळ चालणार नाही, तोंडात टाकता आलं पाहिजे. पाठवायचे म्हणजे शक्यतो कुणाच्या तरी हाती. त्यामुळे पुरीमला आमच्या वाड्यात पोरासोरांची पळापळ असायची. दिवाळीत शेजारी फराळाचं ताट जातं, वर विणलेला रुमाल असतो, ते डोळ्यांपुढे आणा. अगदी तसंच.

आता मराठी माणसाला गंमत वाटेल अशी गोष्ट. कोकणातले आमचे पूर्वज पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत आणि त्या दिवशी पुरणपोळी करत. पुरीम येतो अदार महिन्याच्या चौदाव्या तिथीला, म्हणजे पौर्णिमेच्या तोंडावर, आणि होळी फाल्गुन पौर्णिमेला. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात आणि ऋतूंशी मेळ राखायला अधिक महिना धरतात, म्हणून बहुतेक वर्षी दोन्ही सण एकाच दोन-तीन दिवसांत पडतात. २०२४ मध्ये पुरीम २४ मार्चला होता आणि होळीही त्याच संध्याकाळी पेटली. २०२५ मध्ये पुरीम आणि धुळवड दोन्ही १४ मार्चला. अधिक महिने मागेपुढे झाले की चुकामूक होते: २०२१ मध्ये पुरीम २६ फेब्रुवारीला झाला आणि होळी थेट २८ मार्चला. तेव्हा तुम्हाला पुरीमला पुरणपोळी सुचली यात आगाऊपणा कसला? पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरांतून तेच चाललंय.

मग नाही का म्हणतेय? कारण कोशेर, म्हणजे ज्यूंचे खाण्यापिण्याचे धार्मिक नियम.

दरवर्षी एखादी मराठी नाहीतर गुजराती आई मला हमखास सांगायची, “आम्ही शुद्ध शाकाहारी, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, मग अडचण काय?” मांसच नाही म्हणजे कोशेर झालं, असा समज असतो. तसं नाही. तुमच्या आजीचं सोवळं आठवा. सोवळ्यातल्या स्वयंपाकात तुम्ही धुऊन-पुसून लख्ख केलेलं ओवळं पातेलं नेलंत तर आजी घ्यायची नाही. पातेलं घाण आहे असं तिचं म्हणणं नसायचं. ते आधी कुठे होतं, कशाला लागलं, याचा हिशेब तिच्या डोक्यात असायचा. कोशेर घरातही भांड्याचा असाच हिशेब असतो: यात गरम काय शिजलं होतं? तुम्ही पिझ्झ्यावर घातलेल्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं विरजण, असू शकतं. मुलांच्या मार्शमेलोत जनावरांच्या हाडा-कातड्याचं जिलेटिन असतं, हे तर कित्येक शाकाहारी घरांना वर्षानुवर्षं माहीत नसतं. सॅलडवर वाइनचं व्हिनेगर पडतं, आणि द्राक्षाच्या वाइनचे नियम फारच कडक आहेत. पालेभाजीत किडा राहिला तर तोही चालत नाही, त्यामुळे पालक-मेथी उजेडात धरून पानपान तपासतात. हे सगळं ज्या तव्यावर, ज्या ओव्हनमध्ये होऊन गेलं, त्यावरची पोळी कितीही सात्त्विक असली तरी कडक पाळणाऱ्या बाई ती खाणार नाहीत.

सोवळ्याची उपमा एका ठिकाणी संपते. कोशेरमध्ये माणसाच्या शिवण्याचा विटाळ नाही. तुम्ही बाईंच्या हातात पुडा दिलात तर पुड्याला काही होत नाही. मात्र बिगर-ज्यू माणसाने शिजवलेल्या काही पदार्थांबद्दल वेगळा नियम आहे, आणि तो का झाला हे लपवण्यात अर्थ नाही: जुन्या काळी दोन समाजांत फार घसट होऊ नये, सोयरीक जुळू नये म्हणूनच तो घातला. कच्चं खाता येण्यासारखं जे असतं, म्हणजे फळ वगैरे, त्याला तो लागत नाही.

तूप हा दुसरा प्रश्न, आणि इथे माझी स्वतःची फजिती सांगते. लोदमधल्या माझ्या पहिल्या पुरीमला मी तुपात भाजलेल्या पोळ्या करून मोठ्या बाईंच्या घरी दुपारी चारला नेल्या. मीही ज्यू, माझं स्वयंपाकघर कोशेर, तिथे काही खोट नव्हती. त्यांच्याकडे पुरीमची मेजवानी चालली होती, टेबलावर मटण. मांस आणि दूध एकत्र खात नाहीत हे मला का माहीत नव्हतं? पण मांस खाल्ल्यावर दुधाचं काही खायला कित्येक घरांत सहा तास थांबतात आणि पुरीमच्या दुपारी मांसाची मेजवानी असते, हे दोन आणि दोन मी एकत्र केले नव्हते. बाईंनी कौतुकाने डबा घेतला, वास घेतला, आणि फ्रीजमध्ये ठेवला. गरम पोळीची मजा तिथेच गेली. घरी आल्यावर आईला फोन केला तर ती म्हणाली, “अगं, आपल्या हलव्यात नारळाचं दूध का घालतात असं तुला वाटतं?”

खरंच, तोवर मी हा विचार केला नव्हता. आमच्याकडे नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, गव्हाच्या चिकाचा हलवा होतो. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, आणि नारळाच्या दुधात साखर घालून तासन्‌तास घोटायचा. हात भरून येतात. हल्ली बऱ्याच जणी चायना ग्रासवर भागवतात. गाईचं दूध त्यात मुळीच नाही, म्हणून मटणाच्या जेवणावरही तो खाता येतो. ना दुधाचा, ना मांसाचा, अशा मधल्या पदार्थाला ‘पारवे’ म्हणतात. कोकणातल्या माणसाच्या दारात नारळ होता, त्याने हा प्रश्न फार सुंदर सोडवून टाकला. तुम्हीही बाईंना द्यायचं काहीही निवडताना आधी पारवे शोधा, म्हणजे ते त्यांना कधीही, कशावरही खाता येईल.

तर मग दुकानातून काय घ्यायचं? बंद पाकीट आणि त्यावर कोशेरची खूण. अमेरिकेत ही फार सोपी गोष्ट आहे, साध्या सुपरमार्केटमधल्या बऱ्याच मालावर ती असते. सगळ्यात ओळखीची खूण म्हणजे वर्तुळात यू अक्षर. ती १९२३ साली हाइन्झच्या बीन्सच्या डब्यावर पहिल्यांदा आली. वर्तुळात के, चांदणीत के अशाही मान्य खुणा आहेत. नुसतं मोकळं के अक्षर दिसलं तर ते घेऊ नका: एकट्या अक्षरावर कुणाचा हक्क नसतो, कुणीही छापू शकतं. खुणेशेजारी डी असेल तर त्यात दूध आहे. आणि शेजारी पी असेल तर? हमखास चुकणारी जागा हीच. बहुतेकांना वाटतं पी म्हणजे पारवे. पी म्हणजे पासोव्हर, वसंतातल्या पेसाह या सणाला चालणारं. पारवे असेल तिथे बहुधा तसा शब्दच लिहिलेला असतो किंवा खुणेपुढे काहीच नसतं. ओरिओ बिस्किटांवर ही खूण १९९७ च्या शेवटी आली, त्याआधी कित्येक वर्षं क्रीममध्ये डुकराची चरबी असायची. माझ्या वयाच्या अमेरिकन मैत्रिणी त्या दिवसाबद्दल आजही असं बोलतात जणू १९८३ चा विश्वचषक आपणच जिंकला.

काही बाई दुधाच्या बाबतीत आणखी कडक असतात, ज्यू माणसाच्या देखरेखीखाली काढलेलंच दूध घेतात. म्हणूनही पारवे बरं.

आता दुसरी बाजूही ऐका, नाहीतर माझ्या बोलण्याने तुम्ही घाबरून जाल. सगळ्याच बाई एवढं पाळत नाहीत. अमेरिकेतल्या ज्यू बालवाड्यांत कित्येक शिक्षिका ज्यूच नसतात. माझ्या शेजारच्या वर्गात एक केरळी ख्रिस्ती बाई होती, तिला घरच्या पोळ्या मिळाल्या असत्या तर तिने दारातच संपवल्या असत्या. ज्यू असलेल्यांमध्येही कुणी घरात पाळतं आणि बाहेर नाही, कुणी फक्त डुक्कर टाळतं, कुणी काहीच नाही. पण “तुम्ही किती पाळता?” हे बाईंना तोंडावर विचारू नका. ते “तुम्ही उपास खरंच करता की नुसतं सांगता?” असं विचारण्यासारखं आहे. ऑफिसात विचारा: “स्टाफला खाऊ द्यायचाय, शाळेचा नियम काय?” ऑफिसातल्या बाईला हा प्रश्न वर्षातून पन्नासदा येतो. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: बंद पाकीट, कोशेर खूण, आणि ॲलर्जीमुळे काजू-बदाम-शेंगदाणे नकोत.

या शेवटच्या अटीत आपण मराठी लोक फार अडकतो. काजू, बदाम, पिस्ता बाद. शेंगदाण्याची चिक्की बाद. तिळगूळही नको, कारण २०२३ पासून तीळ अमेरिकेत मुख्य ॲलर्जी-पदार्थांच्या यादीत आहे. खोबऱ्याचं गणित विचित्र आहे: अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने जानेवारी २०२५ मध्ये नारळ त्या यादीतल्या कवचफळांमधून काढला, पण शाळांचे छापील कागद जुनेच चालतात. तेव्हा नारळाचं काही द्यायचं तर विचारून.

पुरणपोळीची वाट आता सांगते. पोळी शाळेतच करा. पुरीमच्या आठवड्यात बालवाड्यांमध्ये हामानताशेन करतात, म्हणजे तिकोनी बिस्किटं, आत खसखशीचं किंवा सुक्या आलुबुखाराचं सारण. इस्राएलमध्ये त्यांना ‘हामानचे कान’ म्हणतात. बाई दरवर्षी त्याच त्या पाककृतीला कंटाळलेल्या असतात. तुम्ही पंधरा दिवस आधी सांगा: “भारतातले ज्यू पुरीमला पुरणपोळी करतात, मी वर्गात येऊन करून दाखवू का?” मी असं सांगणाऱ्या आईला कधी नाही म्हटलं नाही.

मात्र रीत पाळायची. साहित्य शाळेनेच आणायचं, तुम्ही फक्त यादी द्या: साधी कणीक किंवा मैदा, चणा डाळ, साखर, अख्खी वेलची, मीठ, आणि खूण असलेलं तेल. तूप नाही, पोळी तेलावर भाजायची, म्हणजे ती पारवे झाली. (नाक मुरडू नका. गरम असताना कळतही नाही.) तुमचं पोळपाट-लाटणं, पुरणयंत्र, तवा, यातलं काहीही न्यायचं नाही, सगळं शाळेच्या स्वयंपाकघरातलं वापरायचं. पुरण पुरणयंत्राशिवाय कसं होणार म्हणाल, तर डाळ गाळ शिजवून गाळणीतून घासायची. आमची आजी तशीच करायची. आणि मुख्य म्हणजे शेगडी ज्यू असलेल्या बाईंनी पेटवायची. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंच्या रिवाजात ज्यू माणसाने विस्तव लावला की अन्न ज्यूने शिजवल्यात जमा होतं. आमच्यासारख्या पूर्वेकडच्या आणि सेफार्दी, म्हणजे मुळात स्पेनकडच्या, लोकांत भांडंही ज्यू माणसाने चढवावं लागतं. तुम्ही दोन्ही करायला सांगा: गॅस बाईंनी लावावा, तवाही बाईंनीच ठेवावा, डाळही त्यांनीच शिजत घालावी. लाटायला आणि भाजायला तुम्ही मोकळ्या. पुरण आदल्या दिवशी शाळेतच शिजवून फ्रीजमध्ये ठेवता आलं तर उत्तम, कारण साडेचार वर्षांची १५ मुलं डाळ शिजेपर्यंत थांबत नाहीत.

मुलांना पोळी लाटता येत नाही, फाटते. त्यांना पुऱ्या लाटायला द्या, तेच पुरण मध्ये ठेवा आणि तीन बाजूंनी चिमटा काढा. हामानताशेन आणि करंजी यांच्या मधलं काहीतरी होतं, ओव्हनमध्ये छान भाजलं जातं. तेच कागदी पिशवीत घाला, सोबत एक संत्रं ठेवा, आणि झाला की बाईंचा पुडा: दोन पदार्थ, दोन्ही खायला तयार, दोन्ही कोशेर.

एवढं जमणार नसेल तर दुकानातलं घ्या, त्यात काही कमीपणा नाही. एक बंद बिस्किटपुडा आणि एक अख्खं, न कापलेलं फळ एवढं पुरे. माझ्या आवडीचं सांगू? दोन संत्री आणि चांगल्या चहाच्या दहा पुड्या. ३१ पुडे आले त्या वर्षी हा एक मिळाला होता, बाकीच्या तीस पुड्यांत वेफर्स, चॉकलेट, लॉलीपॉप होते. आणि लक्षात घ्या, पुरीमनंतर बरोबर महिन्याने पेसाह येतो, तेव्हा घरात बिस्किटाचा कणसुद्धा ठेवायचा नसतो. म्हणजे बाईंना ती सगळी पिठाची खाऊगर्दी महिन्याभरात संपवायची तरी असते किंवा वाटून टाकायची. मोठ्या सजवलेल्या टोपल्या मला तर ओझंच वाटायच्या, आणि आणणाऱ्या आईला वाटायचं आपण बाईंना खूश केलं. सेलोफेनचा आवाजच मला नको व्हायचा.

वाइन पाठवू नका. पुरीमला प्यायची प्रथा आहे हे कुठेतरी वाचून दरवर्षी कुणीतरी बाटली आणतंच. शाळेत ते शोभत नाही, आणि द्राक्षाचे नियम वर सांगितलेच, ते रसालाही लागतात.

आता “ज्यू नसताना” या प्रश्नाकडे. मिश्लोआह मानोत हे ज्यू माणसावरचं कर्तव्य आहे, तुमच्यावर नाही. तुम्ही दिलंत तर ती साधी प्रेमाची भेट. कार्डावर हिब्रू शब्द घालायचा अट्टाहास नको. पुरीमच्या शुभेच्छा लिहा आणि मुलाला त्याच्या हाताने काहीतरी गिरगटू द्या. तुम्ही बंधनात नसल्याचा एक फायदाही आहे: पुडा पुरीमच्या दिवशीच, दिवसाउजेडीच पोहोचला पाहिजे हे तुम्हाला लागू नाही. पुष्कळ ज्यू शाळा पुरीमच्या दिवशी बंद किंवा अर्धा दिवसच असतात, तेव्हा दोन-तीन दिवस आधी दिलंत तरी चालेल. फक्त आदल्या दिवशी नको, त्या दिवशी बहुधा एस्तेरचा उपास असतो. बाईंच्या हातात खाऊ देऊन “खाऊन बघा ना” म्हणायची वेळ ती नव्हे.

कुणाकुणाला? मुख्य बाई, दुसऱ्या बाई, मदतनीस आणि दारावरचा सुरक्षारक्षक. मी स्वतः मदतनीस होते म्हणून हे ठासून सांगते. मोठ्या बाईंच्या टेबलावर २० पुडे आणि मुलांचं नाक पुसणारीच्या हातात दोन, हे मी लोदमध्ये पाहिलंय, त्या दोन पुड्यांची धनीण होऊन पाहिलंय. दोन मोठ्या पुड्यांऐवजी चार छोटे आणि सारखे करा.

पैशांचं म्हणाल तर माणशी पाच-सात डॉलरच्या वर जायचं कारण नाही. खाऊऐवजी रोख किंवा गिफ्ट कार्ड द्यायचं ठरलं तर आकडा १८ च्या पटीत ठेवा. हिब्रूत अक्षरांना अंक असतात, आणि ‘हाय’ म्हणजे ‘जिवंत’ या शब्दाच्या दोन अक्षरांची बेरीज १८ येते: आठ आणि दहा. आपण ५१ किंवा १०१ देतो ना, वरचा एक रुपया विसरत नाही, तसंच. सगळ्या वर्गाने मिळून बाईंच्या नावे दानधर्मासाठी ३६ किंवा १८० डॉलर दिले तर कडक पाळणाऱ्या बाईंना त्याचा आनंद सगळ्यात जास्त होईल, कारण बाराव्या शतकातल्या रामबाम या ज्यू धर्मपंडिताने स्पष्ट लिहून ठेवलंय की मेजवानी आणि पुडे यांपेक्षा गरिबांना देण्यावर जास्त खर्च करावा. (इस्राएलमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी: तिथे सरकारी नोकरांच्या भेटींबद्दल १९७९ चा कायदा आहे, छोटी रीतीची भेट सोडून महागडं काही शिक्षिकेला घेता येत नाही. खाऊचा पुडा ठीक, सोन्याचे झुमके नाहीत.)

बाकीचे सण भराभर. रोश हशाना सप्टेंबर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतो, शाळा नुकती सुरू झालेली असते, त्यामुळे ओळख करून घ्यायला तो उत्तम. सफरचंद मधात बुडवून खातात, वर्ष गोड जावं म्हणून, तेव्हा खूण असलेल्या मधाची छोटी बाटली आणि दोन सफरचंदं. डाळिंबही फार योग्य. अक्रोड मात्र नको: युरोपीय वळणाच्या कित्येक घरांत त्या दिवशी अक्रोड टाळतात, अक्षरांच्या अंकांत तो पापाशी जुळतो म्हणून. आमच्या चिकाच्या हलव्यावर बदामाचे काप असतात ते पाहून एक पोलिश वळणाची बाई माझ्यावर डोळे वटारून बसली होती, ते आठवून अजून हसू येतं.

हनुक्का नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात. तेलाचा सण, आठ दिवस तळलेलं खातात. जॅम भरलेले डोनट द्यायचे तर कोशेर बेकरीतून, त्याच सकाळी, दुसऱ्या दिवशी ते चामडं होतात. त्यापेक्षा ऑलिव्ह तेलाची लहान बाटली द्या, तिचा त्या सणाशी अर्थही आहे आणि ती पेसाहपर्यंत नासत नाही. शिवाय ‘हनुक्का’ आणि ‘हिनूख’ म्हणजे शिक्षण, हे दोन्ही शब्द एकाच धातूतले, तेव्हा बाईंना काही द्यायला तो सण मुळातच शोभतो.

तू बिश्वात, झाडांचा सण, जानेवारी-फेब्रुवारीत. आमच्याकडे तेव्हा एलियाहू हन्नबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं आणि वर फळं. तो देवाचा नैवेद्य, पाठवायचा पदार्थ नाही, तासाभरात खाल्ला तरच चांगला. शाळेत सुके अंजीर किंवा खजुराचं बंद पाकीट द्या.

आणि पेसाहला काहीही खायचं देऊ नका. अगदी खूण असलेलंही नको, पी असल्याची खात्री असली तरी नको. त्या आठवड्यासाठी घर महिनाभर घासलेलं असतं. पूर्व युरोपीय लोक डाळ-तांदूळही खात नाहीत, आम्ही भात खातो, आणि यावरून ज्यू ज्यूंमध्येच वाद होतात, तुम्ही मध्ये का पडता? फुलं द्या.

शेवटी डब्याचं. आपल्याला वाटतं, छान स्टीलच्या डब्यात घालून द्यावं, डबाही बाईंना राहील. पण बिगर-ज्यू माणसाकडून आलेलं धातूचं किंवा काचेचं नवं भांडं पाळणाऱ्या घरात वापरण्याआधी विधीच्या पाण्यात, मिक्वेमध्ये, बुडवून आणावं लागतं. म्हणजे तुमच्या डब्यापायी बाईंना एक खेप. आणि डबा परत करायचा तर तो रिकामा कसा द्यायचा हा तुमच्या-माझ्या घरचा प्रश्न त्यांनाही पडतोच, मी दोन वर्षं एका मराठी आईचा डबा कपाटात ठेवून बसले होते. कागदी पिशवी घ्या, वर मुलाचं नाव मोठ्या अक्षरात लिहा. आडनावासकट, कारण वर्गात आर्यन दोन असतात.